खाऱ्या पाण्याची टाकी: किती फुटी घ्यावी?

आज बोलायचं आहे खाऱ्या पाण्यातल्या रंगीत माशांच्या टाकीबद्दल, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल: टाकी केवढी घ्यायची? किनाऱ्यावरच्या गावांमधून आम्हा सहयोगिनींना हा प्रश्न सारखा विचारला जातो. कुठे गटाने घरगुती निवास चालवायला घेतला आहे, कुठे गटाचं विक्री केंद्र रस्त्याला लागून आहे. मालवणकडे पर्यटक येतात ते समुद्राखालचं जग बघायला. पण पावसाळ्यात बोटी बंद, पाणी गढूळ, आणि आलेला पाहुणा पोरांना घेऊन पडवीत बसून राहतो. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की आपल्याच पडवीत एक टाकी ठेवू, त्यात निमो सोडू, पाहुणे खूश होतील. विचार चांगला आहे. पण हा खर्च गटाच्या बचतीतून नाहीतर अंतर्गत कर्जातून होणार, म्हणून टाकी घेण्याआधी अर्धा तास हिशेब करू या. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. मोबाईलवर जे सुंदर ‘रीफ टँक’चे व्हिडिओ दिसतात, त्यात जिवंत प्रवाळ असतात. आपल्याला समुद्रातून प्रवाळ आणता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि २००१ पासून कठीण प्रवाळ, सागरी पंखे आणि समुद्रघोडे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. मेलेला, वाळलेला, किनाऱ्यावर सापडलेला तुकडासुद्धा घरात ठेवून मिरवायचा नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांपर्यंत कैदेची आहे. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून आहे. तेव्हा नवऱ्याने किंवा दिराने जाळ्यात अडकलेला प्रवाळाचा दगड आणून दिला, तरी तो टाकीत जाणार नाही. आपली टाकी प्रवाळासारखी दिसणारी असेल, खडक कृत्रिम असतील, आणि मासे संवर्धन केंद्रात जन्मलेले असतील. पाहुण्यांना निमो बघायचा असतो, तो त्यात छान दिसतो.

खडकावरून आठवलं. अंगणात जांभा पडलेला असतो म्हणून तो टाकीत घालायचा मोह होतो. जांभ्यात लोह असतं आणि तो पाण्यात झिजत राहतो. तो नको. चिनी मातीचे किंवा मत्स्यटाकीसाठी खास बनवलेले सिमेंटचे खडक मिळतात. सिमेंटचे असतील तर बरेच दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत बदलत मुरवून मगच घालायचे.

आता टाकीकडे येऊ. दुकानात टाकी फुटांत सांगतात, माशांचं पुस्तक लिटरमध्ये बोलतं. जोडणी सोपी आहे. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे साधारण २८ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे ५६ लिटर. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीचा गुणाकार पावणेसात येतो, म्हणजे सुमारे १९० लिटर. चार फुटी, त्याच रुंदी-उंचीची, २५० लिटर.

पण हे झाले कागदावरचे लिटर. टाकी काठोकाठ भरत नाहीत, वर दोन बोटं तरी जागा राहते. खाली वाळू असते, मध्ये खडक असतात, ते पाण्याची जागा खातात. त्यामुळे १९० लिटरच्या टाकीत खरं पाणी १६० लिटरच्या आसपास बसतं आणि २८ लिटरच्या टाकीत २२. पुढचा सगळा हिशेब या खऱ्या पाण्यावर करायचा. दुकानदार मोठा आकडा सांगेल, तुम्ही लहान धरा.

गोड्या पाण्याचा गोल्डफिश आपल्यापैकी अनेकींनी बरणीतसुद्धा ठेवलेला असतो, आणि तो काही महिने जगतोही. त्यामुळे वाटतं की निमो तर त्याच्याहून लहान, त्याला एक फुटी टाकी पुष्कळ झाली. इथेच सगळं चुकतं. समुद्रातल्या माशाला सवय असते न बदलणाऱ्या पाण्याची. समुद्र एवढा मोठा, की एका दिवसात त्याचा खारेपणा, त्याची उष्णता फारशी हलत नाही. खाडीतला मासा भरती-ओहोटीला पाणी बदललेलं सोसतो, खडकावरच्या माशाला ते जमत नाही. टाकीतलं पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बदलतं. आकाराचा प्रश्न मुळात एवढाच आहे. मासा केवढा, याच्याइतकंच किंवा त्याहून जास्त महत्त्व पाणी किती लवकर बिघडतं याला आहे.

आमच्या भागातल्या एका गटाचं उदाहरण सांगतो, गटाच्या परवानगीने. त्यांनी कर्ज काढून एक फुटी टाकी आणि दोन निमो घेतले. ‘एवढ्याशा माशांना एवढी टाकी बास’ असं एका दुकानदाराने सांगितलं होतं. एप्रिल महिना होता. टाकीवर पंखा सुरू होता, पाणी रोज साधारण अर्धा लिटर आटायचं. घरात लग्न निघालं, सहा दिवस कुणी बघितलं नाही. परत आल्यावर पाणी तीन लिटर कमी झालेलं दिसलं. कुणीतरी चांगल्या मनाने किनाऱ्यावर जाऊन कळशीभर समुद्राचं पाणी आणलं आणि टाकी भरून टाकली. चार दिवसांत दोन्ही मासे गेले. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

काय झालं ते मिठागर बघितलेल्या बाईला लगेच कळेल. मिठागरात ऊन पाणी नेतं, मीठ मागे ठेवतं. टाकीतही तेच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. २२ लिटरमध्ये ७७० ग्रॅम झालं. तीन लिटर पाणी उडालं, मीठ सगळं राहिलं, म्हणजे १९ लिटरमध्ये ७७० ग्रॅम. लिटरला ४० च्या वर गेलं. मग वरून समुद्राचं तीन लिटर पाणी घातलं, त्यात आणखी १०५ ग्रॅम मीठ आलं. टाकी भरलेली दिसली, पण खारेपणा जवळपास ४० वरच अडकला. असं पुन्हा एकदा झालं असतं तर ४५ च्या जवळ गेलं असतं. आटलेलं पाणी भरताना नेहमी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. आणि भर एकदम ओतायची नाही, रोज थोडी थोडी.

आता हेच सहा दिवस तीन फुटी टाकीला गेले असते तर? खरं सांगायचं तर मोठ्या टाकीचं तोंड मोठं, म्हणून तिचं पाणीही जास्त आटतं. रोज सव्वादोन लिटर धरा, सहा दिवसांत साडेतेरा लिटर. १६० लिटरमधून तेवढं गेलं तर खारेपणा ३८ च्या थोडा वर जातो. म्हणजे मोठी टाकी जादू करत नाही, पण ४० आणि ३८ यांच्यामधला हा फरक माशाला श्वास घ्यायला वेळ देतो. आणि पाणी तुम्ही दोन दिवसांनी बघितलंत तर मोठ्या टाकीत फारसं काही झालेलंच नसतं.

खरा मोठा फरक पडतो तो घाणीत. मासा खातो, विष्ठा टाकतो, उरलेलं अन्न कुजतं, आणि त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाला विष आहे. एखादी गोगलगाय खडकामागे मरून पडली, किंवा पाहुण्यांच्या लहान मुलाने मूठभर खाद्य टाकलं (आणि ते टाकणारच, टाकीजवळ पाटी लावलीत तरी), तर जेवढा अमोनिया होईल तेवढाच दोन्ही टाक्यांत होईल. पण २२ लिटरमध्ये तो सातपट तिखट असेल. आमटीत चुकून पडलेला मिठाचा चमचा वाटीभर आमटीत पडला की टोपभर आमटीत, एवढाच हा प्रश्न.

उष्णतेचंही तसंच. निमोला २५ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. कोकणातल्या मे महिन्यात पत्र्याच्या पडवीत दुपारी हवा ३४-३५ अंशांवर जाते. लहान टाकी दुपारपर्यंत तापते आणि रात्री निवते, रोज. मोठी टाकी हळू तापते, हळू निवते. पाणी थंड करणारं यंत्र मिळतं, पण ते महाग आहे आणि वीज खातं. आपण टाकी सावलीच्या खोलीत, भिंतीच्या आतल्या बाजूला ठेवायची, पाण्यावर तिरका पंखा सोडायचा आणि आटलेलं पाणी भरत राहायचं. उन्हाची तिरीप पडणारी खिडकी दिसायला छान, पण टाकीसाठी ती जागा नको. ऊनही लागतं आणि काचेवर शेवाळही वाढतं.

आणि वीज. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं, आणि कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. वीज गेली की पंप थांबतो, पाणी हलायचं थांबतं, आणि पाण्यात हवेतला प्राणवायू मिसळायचा थांबतो. त्यात खाऱ्या पाण्यात त्याच उष्णतेच्या गोड्या पाण्यापेक्षा मुळातच प्राणवायू कमी मावतो. मासे तेवढेच असतील तर जास्त पाण्यात ते जास्त वेळ टिकतात. पण कितीही मोठी टाकी घेतलीत तरी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात हवाच. तो टाकीबरोबरच घ्यायचा, नंतर बघू असं म्हणायचं नाही.

याच कारणासाठी टाकीचा आकार कसा आहे हेही बघा. काही दुकानांत उंच, खांबासारख्या टाक्या असतात. लिटर तेवढेच, जागा कमी, दिसायला झोकदार. पण हवा पाण्यात शिरते ती वरच्या तोंडातून. उंच टाकीचं तोंड लहान. शिवाय मासे आडवे पोहतात, त्यांना उंचीपेक्षा लांबी लागते. आणि तिसरं कारण आपल्या रोजच्या कामाचं: तळ साफ करायला हात तळापर्यंत पोचला पाहिजे. दीड फूट उंच टाकीत बाहीपर्यंत हात भिजवून वाळूला हात लागतो. अडीच फूट उंच टाकीत स्टुलावर उभं राहून वाकावं लागेल, आणि ते काम मग आठवड्याला होत नाही, महिन्याला होतं. लांब आणि रुंद घ्या, उंच घेऊ नका. काचेचा खर्चही त्यात वाचतो, कारण काच किती जाड लागणार हे मुख्यतः पाण्याच्या उंचीवर ठरतं. जितकं खोल पाणी, तितका तळाशी दाब जास्त.

मग एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, सहा फुटीच घेऊ, गट मोठा आहे. थांबा. मोठ्या टाकीलाही माणसं लागतात.

पहिली गोष्ट वजन. समुद्राच्या पाण्याचा एक लिटर एक किलोपेक्षा थोडा जास्त भरतो. तीन फुटी टाकीत १६० किलोच्या वर नुसतं पाणी. आठ मिलिमीटर काच धरली तर टाकीच तीस-पस्तीस किलोची. खडक, वाळू, लोखंडी स्टँड धरून सगळं मिळून अडीचशे किलोच्या पुढे जातं. म्हणजे ५० किलोची तांदळाची पाच पोती एकावर एक रचून चार पायांवर उभी केली आहेत, आणि ती तिथून वर्षानुवर्षं हलणार नाहीत. सारवलेल्या जमिनीवर स्टँडचे पाय रुततील, एक पाय जरा जास्त रुतला की टाकी कलते, काचेवर ताण येतो आणि सांधा सुटतो. खाली सिमेंटचा कोबा किंवा कडप्पा हवा. माडीवर, लाकडी तक्तपोशीवर अजिबात नको. मिस्त्रीकडे लेव्हल बघायचा पारदर्शक पाइप असतो, तो मागून चारही कोपरे सारखे आहेत का बघा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी ६७० लिटरची होते. तिचं वजन पाऊण टनाच्या पुढे जाईल. घराच्या बांधकामाचा विचार केल्याशिवाय ती नकोच.

दुसरी गोष्ट पाणी बदलण्याची. दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा पाणी काढून ताजं खारं पाणी घालावं लागतं. तीन फुटी टाकीला १६ लिटर, म्हणजे एक बादली. एक बाई एका सकाळी करू शकते. चार फुटीला २१-२२ लिटर. सहा फुटीला जवळपास ६० लिटर, दर आठवड्याला चार बादल्या, न्यायच्या, आणायच्या, उपसायच्या, भरायच्या. गटात हे काम कोण करणार हे बैठकीत नावानिशी ठरलेलं नसेल तर ते शेवटी घरच्या सुनेवर पडतं. हे आम्ही उगाच म्हणत नाही.

आणि हे खारं पाणी येणार कुठून? समुद्र जवळ असला तरी बारा महिने त्याचं पाणी टाकीच्या कामाचं नसतं. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ किनाऱ्यालगत पसरतो, खारेपणा उतरतो. खाडीच्या तोंडाजवळचं, जेटीजवळचं, गावाच्या सांडपाण्याजवळचं पाणी कधीच घ्यायचं नाही. उन्हाळ्यात मोकळ्या किनाऱ्यावरचं भरतीचं पाणी कापडातून गाळून, झाकलेल्या पिंपात, अंधारात साठवता येतं. बाकी वेळी मत्स्यटाकीचं तयार मीठ वापरायचं. हे मीठ लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. तीन फुटी टाकी पहिल्यांदा भरायला सहा किलोच्या आसपास, आणि नंतर आठवड्याला साधारण ६०० ग्रॅम. पावसाळ्याचे चार महिने धरले तर दहा किलो. स्वयंपाकाचं मीठ किंवा मिठागरातलं खडे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बरंच काही विरघळलेलं असतं, ते त्यात पुरेसं नसतं. मीठ विरघळवायला नळाचं पाणी घेणार असाल तर लक्षात ठेवा, ग्रामपंचायत त्यात टीसीएल पावडर टाकते. ते माशांना मारक आहे. आरओचं पाणी मिळत असेल तर उत्तम. मीठ पाण्यात पंप लावून रात्रभर फिरवायचं, खारेपणा मोजायचा, मग टाकीत घालायचं. मोजायला हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर लागतो. आकडा १.०२५ च्या आसपास हवा. जिभेवर चाखून कळत नाही.

विजेचा हिशेब घरीच करता येतो. तीन फुटी टाकीचे पंप मिळून ३० वॉटचे आणि चोवीस तास चालू, तर दिवसाला पाऊण युनिटच्या जवळ. साधा २० वॉटचा एलईडी आठ तास, तो युनिटचा सहावा हिस्सा. महिन्याला पंचवीस-तीस युनिट होतात, पंखा वेगळा. प्रवाळ नाहीत म्हणून महागडा निळा दिवा आपल्याला लागत नाही, हा आपला मोठा फायदा आहे. दुकानदार तो विकायचा प्रयत्न करेल.

आता मासे किती? तीन फुटी टाकीत निमोची एक जोडी, तळाशी राहणारे एक-दोन छोटे गोबी, दोन-तीन शोभिवंत कोळंब्या आणि शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगाई. बस. टाकी रिकामी वाटेल, गटातल्या बायका म्हणतील अजून चार घालू. घालू नका. निमो लहान दिसतो पण भांडकुदळ असतो, आपली जागा राखतो. त्याची गंमत माहीत आहे का? सगळे निमो आधी नर असतात. गटातला सर्वांत मोठा आणि दांडगा असतो तो मादी होतो, दुसऱ्या नंबरचा नर राहतो, बाकीचे थांबून राहतात. मादी मेली की तो नर मादी होतो. म्हणून दोन लहान निमो एकत्र आणले तर जोडी आपोआप जमते. मोठी मादी असलेल्या टाकीत तिसरा निमो सोडला तर तो मार खाऊन मरतो. आणि त्याला समुद्रफूल लागतंच असं नाही. संवर्धन केंद्रातल्या माशाने ते जन्मात बघितलेलं नसतं, तो एखाद्या खडकाच्या कोपऱ्यातच घर करतो.

निळा ‘डोरी’ मात्र मागू नका. दुकानात तो दोन इंचांचा असतो, वाढला की फूटभर होतो आणि दिवसभर लांब लांब पोहतो. त्याला सहा फुटी टाकीही जेमतेम पुरते. मासा घेताना आज केवढा आहे हे विचारू नका, मोठेपणी केवढा होणार ते विचारा.

तर आमचं मत असं. गटाची पहिलीच टाकी असेल तर तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्या. जागा किंवा पैसा कमी पडत असेल तर अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे ११० लिटरपर्यंत खाली या, आणि मग फक्त निमोची जोडी ठेवा. त्याच्या खाली उतरू नका. शहरात लोक एक फुटी खारी टाकीही छान सांभाळतात हे खरं आहे, पण ते रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मोजतात, पाणी भरायचं आपोआप चालणारं यंत्र लावतात. शेती, घर, गुरं आणि गट सांभाळणाऱ्या बाईकडे तेवढा वेळ नसतो. एवढेही पैसे जमत नसतील तर गोड्या पाण्याची टाकी करा. गप्पी, मोली बघूनही पोरं हरखतात, आणि गटावर कर्ज राहत नाही.

काही गटांना दाखवायला टाकी नको, निमोची पिल्लं वाढवून विकायची आहेत. तिथे हिशेब वेगळा. वाळू नाही, खडक नाही, ६० ते १०० लिटरच्या साध्या टाक्या ओळीने, आणि सगळ्यांचं पाणी एकाच गाळणीतून फिरतं. टाकी लहान दिसली तरी सगळ्यांचं मिळून पाणी मोठं होतं, म्हणून ते स्थिर राहतं. धोका एवढाच की एका टाकीतला रोग सगळ्यांत जातो. हे काम प्रशिक्षणाशिवाय सुरू करू नये. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्थानिक महिलांना शोभिवंत कोळंबी आणि निमो वाढवायला शिकवलं आहे. आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात मॅंग्रोव्ह फाउंडेशनने निमोचं संवर्धन केंद्र उभं केलं आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यात महिला लाभार्थींना प्रकल्प खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. सध्या काय मिळतं, अर्ज कधी करायचा, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. जाताना गटाचं नोंदणीपत्र, पासबुक आणि ठरावाची प्रत बरोबर ठेवा. तोंडी आश्वासनावर टाकी विकत घेऊ नका.

दुकानात भाव विचारतानाही टाकीचा एकटीचा भाव विचारू नका. काच हा खर्चाचा एक भाग आहे. स्टँड, पंप, गाळणी, दिवा, बॅटरीचा पंप, मीठ, मोजायची साधनं, पाणी तपासायचं किट, खडक, आणि सगळ्यात शेवटी मासे, असं सगळं एका कागदावर लिहून घ्या, खाली बेरीज करून सही-शिक्का घ्या. लहान टाकी आणि मोठी टाकी यांच्या बेरजेत वाटतो तेवढा फरक राहत नाही, कारण यातल्या बऱ्याच वस्तू दोन्हींना लागतातच.

मासे शेवटी, हे आम्ही मुद्दाम म्हटलं. नव्या टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू नसतात. ते खडकावर, वाळूत, गाळणीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग नायट्राइटचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेट आपण पाणी बदलून काढतो. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत एकही मासा सोडायचा नाही. दहीच लागलं नाही तर ताक कुठलं घुसळणार? त्यामुळे पर्यटकांच्या हंगामासाठी टाकी हवी असेल तर दोन महिने आधी तयारीला लागा. दिवाळीत पाहुणे येणार आणि टाकी नवरात्रात घेतली, तर दिवाळीत नुसते खडकच बघायला मिळतील.

आणि टाकी घरी आली की लगेच मीठ घालू नका. स्टँडवर जागेवर ठेवा, खाली चारी बाजूंनी वर्तमानपत्र पसरा, आणि साध्या विहिरीच्या पाण्याने काठाला दोन बोटं सोडून भरा. पाण्याच्या पातळीवर बाहेरून चारही कोपऱ्यांत पेनाने खूण करा. खूण आणि पाणी सगळीकडे सारखं दिसतंय का बघा, नसेल तर टाकी रिकामी करून स्टँडखाली बारीक पाचर द्या. तीन दिवस तशीच ठेवा. कागद कोरडा राहिला तर ते पाणी काढून झाडांना घाला, आणि मग मीठ मोजायला घ्या.